उजवीकडून डावीकडे

आलापल्लीचा बाजार आटोपून, बांगड्यांची पेटी पायाशी ठेवून मी चंद्रपूरच्या एसटीत बसलो. शेजारची प्रौढ बाई गुडघ्यावर बोटानं काहीतरी लिहीत होती, तेही उजवीकडून डावीकडे. मी विचारलं तर म्हणाली, "आमच्या मशिदीत मुलांना शिकवते."

"म्हणजे आपल्यातल्याच! अस्सलाम अलैकुम."

ती हसली. "शलोम. आम्ही यहुदी, अलिबागकडचे. प्रार्थनेच्या जागेला आम्हीही मशीदच म्हणतो."

शिकवायची नवी पद्धत बघायला ती हेमलकशाकडच्या एका शाळेत आली होती. तिथल्या गुरुजींनी आधी मुलांच्या हातात मोहफुलं दिली, त्यांच्याशी त्यांच्या घरच्या माडिया बोलीत गप्पा मारल्या आणि मगच फळ्यावर 'मो' काढला.

"आमची मुलं हिब्रू प्रार्थना घडाघडा म्हणतात. अर्थ कुणीच विचारत नाही. तुमची विचारतात?"

"नाई विचारत, बाई. मी बी कधी नाई विचारला."

तिचं बोट पुन्हा गुडघ्यावर चालू लागलं. बल्लारशाला ती उतरून गेली.

परवा घरी, लहानपणापासून तोंडपाठ असलेली कुराणातली सूरा म्हणताना मी एका शब्दापाशी थांबलो. आतून बायको म्हणाली, "काऊन जी, विसरले का?"