भट्टीतला गणपती

अमेरिकेत, सांता क्लारात आमच्या घराजवळ कलाकारांना राहून काम करायला दिलेली एक जागा होती. शनिवारी तिथे शेजाऱ्यांनाही वस्तू घडवायला माती मिळायची. नागपूरचं घर विकून मुलाकडे कायमच्या राहायला आलेल्या एक काकू तिथे यायच्या. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. बांगड्या कोपराकडे सारून त्यांनी चतुर्थीसाठी गणपती घडवला. तिथल्या शिल्पकार मुलीने आपुलकीने तो भट्टीत भाजून ठेवला. काकूंनी तो तसाच घरी नेला.

विसर्जनानंतरच्या शनिवारी त्या तो पिशवीत घालून घेऊन आल्या. बादलीत तो विरघळलाच नव्हता. मुलगी रडवेली झाली. तिच्या पाठीवरून हात फिरवत काकू मला म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नको म्हणावं. आता त्यालाही परत जाता येणार नाही, एवढंच."

मी तिला पहिलं वाक्य तेवढं इंग्रजीत सांगितलं.