न हसण्याचा धंदा

माझ्या बायकोचा चेहरा हेच माझ्या धंद्याचं भांडवल होतं. गळा माझा बेताचा, पेटीवर बोटं चालतात एवढंच. बाकी सगळा मामला तिच्या तोंडावर, म्हणजे खरं तर तिच्या तोंडावर काहीच न दिसण्यावर चालायचा.

आमचा कार्यक्रम असा असायचा. मी पेटी घेऊन बसणार. माझ्या गुडघ्याखाली सायकलचा भोंगा, पाठीवर फवारणीचा पंप आणि पंपाच्या नळीला कुकरची शिटी. डोळे मिटून, भजनाच्या थाटात मी आळवायचो, ‘पाहुणा आला दारात, कोंबडा पळाला वावरात’, आणि ऐन समेवर पंपाचा दांडा मारायचो. शिटी अशी काही विव्हळायची की पुढच्या रांगेतली लेकरं आईच्या मांडीत शिरायची. आणि माझ्या बाजूला ही. काठाचं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, हातात टाळ, चेहरा बँकेच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसासारखा. मी आरवलो, बेडकासारखा फुगलो, पेटीवर डोकं आपटून सूर काढला, तरी हिच्या ओठांची घडी मोडत नसे.

अर्धा कार्यक्रम झाला की मी पेटी थांबवून सांगायचो, “जो कोणी या बाईले हासवन, त्याले शेला, टोपी अन् नारळ.” मग गावातले नामांकित लोक पुढे यायचे. कोणी सरपंचाची नक्कल करायचं, कोणी बायकोच्या धाकानं लपलेल्या नवऱ्याची, कोणी नुसतंच धोतर सावरत नाचायचं. आम्ही खामगावचे, पण नांदुरा, चिखली, मेहकर, सगळीकडच्या गणपतीत आणि हळदीच्या मांडवात हेच चाललं. नारळ कोणालाच मिळाला नाही. तोच नारळ आम्ही पिशवीत घालून परत आणायचो, आतून खुळखुळायला लागला की चटणी करायचो आणि नवा घ्यायचो.

लोकांना वाटायचं, ही बाई घरीही अशीच असणार. शेजारणी माझी कीव करायच्या. त्यांना काय ठाऊक, आमच्या घरात हसण्याचा सगळा मक्ता हिच्याकडेच होता. हसायला लागली की लाटणं सोडून भिंतीला टेकायची, डोळ्यांतून पाणी, पदर तोंडात. नवं गाणं बांधलं की मी आधी तिला म्हणून दाखवायचो. भिंतीला टेकली तर गाणं पास, नाही तर गेलं चुलीत. दुसरा परीक्षक मी केला नाही आणि मला लागलाही नाही.

एकदा मी विचारलं होतं, की घरी एवढी हसणारी तू, तिथं कशी दम धरतेस?

“मनातल्या मनात भाकर थापते मी,” ती म्हणाली. “गोल झाली पायजे, फाटली नाही पायजे. तुमच्याकडे ध्यान कोण देते?”

मग एका हिवाळ्यात, सकाळी चूळ भरताना तिच्या तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून पाणी गळलं. तिनं माझ्याकडे वळून पाहिलं तर तोंड डावीकडे ओढलेलं. माझे मोठे साडू गालात तंबाखू धरून असेच बोलतात. मला वाटलं, त्यांची नक्कल करते आहे, आणि इतकी हुबेहूब की मी खो-खो हसलो. मी हसलो म्हणून तीही हसली, तशी तोंड आणखी वाकडं झालं. मी म्हणालो, परत कर, हे आपण कार्यक्रमात घेऊ. दुसऱ्या घरात माणूस घाबरला असता. आमच्या घरात मी पेटी काढायला उठलो होतो.

“मी करून नाही राह्यली जी,” ती म्हणाली. “आपोआप होऊन राह्यलं.”

डॉक्टर म्हणाले, चेहऱ्याच्या नसेचा लकवा आहे. गोळ्या झाल्या, मालिश झाली, फुगे फुगवायचे व्यायाम झाले. कोणी म्हणालं वारं लागलं. एक नातेवाईक तर रक्त चोळायला जिवंत कबुतर घेऊन आले, त्यांना मी कबुतरासकट परत पाठवलं. बहुतेक माणसं यातून पूर्ण बरी होतात म्हणे. ही झाली नाही. उजवी बाजू खाली उतरली ती उतरलीच, तो डोळा पुरता मिटेना आणि त्यातून सारखं पाणी. डावी बाजू वर ओढलेली राहिली. डावीकडून पाहिलं तर बाई हसते आहे, उजवीकडून पाहिलं तर रडते आहे. मी देवाला फार शिव्या दिल्या. सगळं शरीर पडलं होतं समोर, हात घ्यायचा होता, पाय घ्यायचा होता. नेमका तोच चेहरा कशाला हवा होता त्याला?

मी धंदा सोडायला तयार होतो, तीच तयार होईना. टाळ हातानं वाजवायचे असतात, तोंडानं नाही, असं तिचं म्हणणं. खरं कारण वेगळं होतं. ती घरात कोंडली गेली होती. दुकानात गेली तरी पदर दातात धरून जायची. मंचावर तरी लोक तिला तिच्या नावाजलेल्या चेहऱ्यानं ओळखतील, असं तिला वाटत असावं. उपायही तिनंच काढला. आरशापुढे बसून तिनं मान फिरवून फिरवून पाहिली आणि म्हणाली, “उजवी बाजू हालतच नाही, मंग तेच दाखवू न लोकाईले. मेलेली बाजू कामाची.”

त्यानंतर ती लोकांना उजवा गाल दाखवून बसू लागली. मी समोर तोंड करून आणि ती माझ्याकडे वळून, जशी काही नवऱ्याचे चाळे पाहत बसली आहे. डोळ्यातलं पाणी टाळ वाजवता वाजवता पदरानं टिपायची. एका निरोप समारंभात जमलं, एका हळदीत जमलं. पूर्वीपेक्षा चेहरा जास्तच निर्विकार दिसायचा. परत येताना ती एसटीच्या खिडकीशी बसून गुणगुणत होती, आणि मलाही वाटलं की गाडी रुळावर आली. तेवढ्यावर आम्ही थांबायला हवं होतं, पण थांबण्यासारखं काही दिसत नव्हतं.

मेहकरकडच्या एका गावात गणपतीचा कार्यक्रम होता, संध्याकाळी, उजेडातच. शाळेच्या पटांगणात मंच बांधला होता आणि लोक समोर बसणार होते, तसं मी आधीच ठरवून घेतलं होतं. ऐन वेळी पावसाची सर आली आणि मंडळानं सगळं सामान मारुतीच्या देवळात हलवलं. तिथं सभामंडपात एका अंगाला माणसं बसतात, एका अंगाला बाया, आणि मधली देवासमोरची जागा कलाकाराची. मी पेटी भिंतीकडे सरकवायला लागलो तर अध्यक्ष म्हणाले, “देवाकडे पाठ होते भाऊ. देवाकडे तोंड करूनच बसा लागते इथं.”

देवाकडे तोंड केलं की आमच्या डाव्या हाताला माणसं आणि उजव्या हाताला बाया. मी हिच्याकडे पाहिलं. मी म्हणालो, डोकं दुखतं म्हणून सांगतो, परत जाऊ.

“एवढे लोक भिजत आले,” ती म्हणाली. “बसा मुकाट्यानं.”

गाणी रंगली. बाया जास्तच हसत होत्या. शेला-टोपीची वेळ आली तेव्हा पिठाच्या गिरणीचे मालक पुढे आले. पोट सुटलेले, वयस्क गृहस्थ. त्यांनी स्वतःच्या गिरणीचीच नक्कल केली. मोटार सुरू होते, पट्टा फिरतो, वेग घेतो आणि भर दळणात सटकतो. तोंडानं आवाज, पोटानं पट्टा. मीसुद्धा हसलो, कारण गोष्ट खरोखर चांगली होती. तेवढ्यात डावीकडून माणसांचा गलका उठला, “हासली, हासली!” गिरणीवाल्यांना लोकांनी उचलूनच घेतलं.

उजवीकडून एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, “आंधळे झाले का बे? ते बाई रडून राह्यली.”

“दात दिसून राह्यले तिचे!”

“डोळ्याले धार लागली तिच्या, अन् हे म्हणते हासली. बाईमाणसाले रडवलं मुडद्यानं.”

झालं. देवळात दोन पक्ष पडले. माणसं नारळ मागू लागली, बाया गिरणीवाल्यांना बोल लावू लागल्या. काही जण उठून या बाजूचे त्या बाजूला गेले, वाकून तिच्या तोंडाकडे पाहू लागले, आणि परत जाऊन आपापल्या लोकांना सांगू लागले. बाजारात बैलाचे दात पाहतात तसे पाहत होते. मला पंप काढून एकेकाच्या टाळक्यात घालावासा वाटला. पण मी तिथं पेटीवर हात ठेवून बसून राहिलो, कारण मी तोंड उघडलं की हे लोक हसतात, ही माझी आयुष्यभराची कमाई. मी एकदा “ऐका हो” म्हणालो आणि लोक हसले.

शेवटी अध्यक्षांनी सगळ्यांना गप्प केलं आणि तिलाच विचारलं, “ताई, तुम्हीच सांगा. हासल्या का रडल्या?”

एवढी माणसं, आणि सगळ्यांची नजर तिच्या ओठांवर. तिनं टाळ खाली ठेवले. शेला, टोपी, नारळ उचलून ती गिरणीवाल्यांपाशी गेली आणि त्यांच्या हातात दिलं. लकव्यापासून तिची काही अक्षरं नीट उमटत नाहीत, म्हणून सावकाश म्हणाली, “घ्या भाऊ. हासली मी.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उभ्या जन्मात तिनं लोकांसमोर न मोडलेली गोष्ट तिनं एका वाक्यात मोडून टाकली, ती केवळ लोकांनी आपल्या तोंडाकडे पाहणं थांबवावं म्हणून. माणसांनी टाळ्या वाजवल्या. बायांच्या बाजूनं मात्र कोणी वाजवल्या नाहीत.

एसटीत मी तिला विचारलं, “खरंच हासली होती का वं?”

“मले काय माहीत?” ती म्हणाली. “माह्यं तोंड मले दिसते का?” आणि पदर दातात धरून बाहेर पाहत राहिली.

त्यानंतर ती आली नाही. मी एकटा जाऊन पाहिलं. वडनेर भोलजी गावात एक बारसं होतं. तीच पेटी, तोच पंप, तोच कोंबडा. लोक थोडा वेळ हसले, मग कोणी विचारलं, बाई कुठं आहे? मग आपसात बोलू लागले. तेव्हा मला कळून चुकलं की इतकी वर्षं ते माझ्या गाण्याला हसतच नव्हते. मी आरवत असताना ते तिच्याकडे पाहत होते, आता हसेल, आता हसेल म्हणून. ती बाजूला नसली की मी म्हणजे पाठीवर पंप बांधलेला एक म्हातारा. हे कोणी आधी सांगितलं असतं तर मी रागावलो असतो. आता रागवायलाही कोणी राहिलं नाही. पंप मी शेजारच्या शेतकऱ्याला देऊन टाकला, तो कपाशीवर फवारतो.

आता ती घरातही हसत नाही. हसली की घास उजवीकडून बाहेर येतो, पाणी लुगड्यावर सांडतं, आणि ती उठून आत जाते, मग जेवत नाही. मी समजावलं की माझ्यापुढे कसली लाज. तिनं ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून जेवायला बसू लागली.

परवा बाजारात एक गंमत झाली. एका पुढाऱ्याचा सत्कार चालला होता आणि मागून आलेल्या बकरीनं त्याच्या गळ्यातला हार खायला सुरुवात केली. तो भाषण करतो आहे, बकरी ओढते आहे, आणि खुर्चीचा मान जाऊ नये म्हणून तोही उठत नाही. मी पिशवी घेऊन रस्त्यातच हसत सुटलो. घरी येईपर्यंत चाल बसली, पहिल्या दोन ओळी झाल्या, बकरीचा आवाज कुठं घ्यायचा तेसुद्धा ठरलं. कितीतरी दिवसांनी असं काही सुचलं होतं. दारातूनच सुरुवात करणार होतो.

ती जेवत होती. माझी चाहूल लागली तशी मान वळवून म्हणाली, “काय झालं बाजारात?”

मी तिच्या हातातल्या घासाकडे पाहिलं. “काही नाही,” म्हणालो, “वांगे महाग झाले.” ती परत भिंतीकडे वळली आणि मी हात धुवायला गेलो.