तिसऱ्या ढिगातली बी

आहुप्याच्या अंगणवाडीच्या अंबाबाई यंदा, म्हणजे दोन हजार सातला, निवृत्त झाल्या. त्यांच्याविषयी चार शब्द लिहायचे तर मला आधी माझी चोरी सांगावी लागेल.

अठ्ठ्याण्णव सालची दिवाळी नुकतीच झाली होती. मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका, पिंपळवंडीच्या बागायतदाराची लेक, आणि डोक्यानं तापट. अंबाबाईंच्या शेरेबुकात माझ्या आधीच्या पर्यवेक्षिका बाईंचे दोन शेरे होते : ‘अंगणवाडी बंद आढळली.’ तिसरा पडला की सेविका घरी. अंबाबाई सातवी शिकलेल्या, नवरा वारलेला, त्या मानधनावरच त्यांची चूल पेटत होती. हे सगळं मला ठाऊक होतं. तरी नियम तो नियम, असं मी डिंभ्यापासून एसटीत स्वतःला बजावत होते.

पोचले तर अंगणवाडीच्या खोलीला कुलूप! माझा पारा चढला. खळ्यावर भात झोडणाऱ्या एका बाईनं लांबूनच हात केला. “पोरं राईत हायेत.”

राई म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं जंगल. मी तणतणत आत शिरले. बाहेर गवत पिवळं पडलं होतं, आत मात्र हिरवा गारवा होता. तीन ते सहा वर्षांची अठरा पोरं तिथं रमली होती. काही पोरं हात पसरून, तोल सावरत जाड मुळावरून चालत होती. दोघी मुली पानं निवडत होत्या, करवती कडेची एकीकडे, सरळ कडेची दुसरीकडे. एकानं तोंडावर बोट ठेवून मलाच गप्प केलं, कारण वर शेकरू बसलं होतं. अंबाबाई खाली पाचोळ्यात बसून नुसत्या बघत होत्या.

“अंबाबाई, ही काय जत्रा लावलीय?”

“म्याडम, खोलीत लई आंधार. खिडकीच न्हाई. तक्त्यावरचं सफरचंद दिसत न्हाई, अन् दिसलं तरी पोरांनी ते कवा खाल्लंय?”

“मग हे आधीच्या बाईंना सांगितलं का नाही?”

“सांगितलं व्हतं. त्यांची यष्टी सुटत व्हती.”

मी पिशवीतून अंकांचा तक्ता काढला आणि शेकरूवाल्या पोराला, भागूला, पुढं ओढलं. “हे किती?” तो माझ्या चपलांकडे बघत राहिला. एकालाही काही सांगता येईना. मी रागारागानं शेरेबुकात लिहिलं : ‘मुलांना अंकओळख नाही.’ मुख्य शेरा बाहेर जाऊन शांतपणे लिहू म्हटलं.

तेवढ्यात एका खडकाजवळ गारंबीच्या वेलाच्या बियांचा ढीग दिसला. मोठ्या पेढ्याएवढ्या, तपकिरी, गुळगुळीत बिया. माझ्या लेकीला, वृषालीला, किती आवडेल, असं मनात आलं. एवढ्या मोठ्या जंगलात एका बीनं काय होतंय! मी एक उचलून पर्समध्ये टाकली.

घरी निघायची वेळ झाली. राईतली वाळकी काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही, ही गावाची रीत. खेळायला घेतलेलं सगळं जागच्या जागी ठेवायचं. पोरांनी खिसे उलटे केले, झगे झटकले. बिया तेवढ्या मोजून ठेवायच्या, दहा-दहाचे तीन ढीग. मोजणारा कोण, तर भागू! दोन ढीग झाले. तिसरा नवावर थांबला. त्यानं पुन्हा मोजलं.

“बाई, येक कमी हाये.”

अठराच्या अठरा पोरं गुडघ्यांवर बसून पाचोळा चाळू लागली. कुणी कुणावर आळ घेतला नाही. अंबाबाईही वाकून शोधत होत्या. मग कंबर धरून उठल्या.

“म्याडम, तुमी व्हा फुडं, यष्टी चुकंल. बी घावल्याबिगर आमाला हालता यायचं न्हाई.”

त्यांची नोकरी माझ्या पेनच्या टोकाशी होती. मी काय लिहिणार, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. बी तेवढी शोधत राहिल्या. मला माझीच लाज वाटली, तरी पर्स काखेत दाबून मी उभीच राहिले.

भागू एकेकाचे हात तपासत माझ्यापाशी आला. त्याला संशय नव्हता, माझी पाळी आली होती एवढंच. “हात,” तो म्हणाला. मी एक हात दाखवला. तो दुसऱ्यासाठी थांबून राहिला. शेवटी मी पर्स उघडली.

त्यानं बी घेतली, ढिगावर ठेवली आणि म्हणाला, “धा.”

कुणी हसलं नाही. अंबाबाई हळूच म्हणाल्या, “असू द्या. पयल्या दिशी समद्यांचंच व्हतं.”

राईच्या तोंडाशी भागू, स्वतःला धरून, एकेकाच्या पाठीला हात लावत मोजत होता. अठरा झाले. मागून मी आले, तर माझाही पदर त्यानं ओढला. “येकोणीस.”

एसटी गेलीच होती. मी खळ्यावर बसून अंकओळखीची ओळ खोडली आणि खाली लिहिलं : ‘अंगणवाडी सुरू आढळली. पटावर अठरा, हजर एकोणीस.’

शेऱ्याची नक्कल वाचून ऑफिसातल्या क्लार्कनं चष्मा वर केला. “म्याडम, पटापेक्षा हजेरी जास्त? चुकलं वाटतं मोजायला.”

“नाही भाऊ,” मी म्हटलं, “ते मी मोजलेलं नाही.”