सगळ्यांना चालणारा मुळा

आत्यांची सगळी नोकरी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात गेली. बिनमिठाचं, बिनसाखरेचं, मऊ, पातळ; ज्याचं त्याचं ताट वेगळं, त्यावर झाकण, झाकणावर चिठ्ठी. निवृत्त होऊन त्या भावाकडे राहायला आल्या, तर घरातही तोच वॉर्ड. दादांना मधुमेह, त्यांचा बटाटा बंद. भाचा व्यायामशाळेत जाणारा, त्याला गाजरसुद्धा गोड वाटायचं. भाचेसून वीगन, म्हणजे दूध, तूप, अंडं काहीच नाही. जो तो आपला डबा घेऊन खोलीत पसार. वहिनी गेल्यापासून जेवणाच्या टेबलावर इस्त्रीचे कपडे तेवढे बसायचे.

आत्यांना ते बघवेना. एकदा तरी सगळ्यांनी एका भांड्यातलं खावं, एवढं त्यांच्या मनाने घेतलं. भाजीवाल्यापुढे उभ्या राहून त्यांनी एकेक कंद मनातल्या मनात तिघांना वाढून पाहिला. बीट भाच्यापाशी अडलं, रताळं दादांपाशी. उरला मुळा. पिष्ट नाही, साखर नावाला, दुधाशी देणंघेणं नाही. इतका गुणी, पण वासामुळे बिचाऱ्याला कोणी जवळ करत नाही.

रविवारी त्यांनी तो पाल्यासकट तेलावर परतला, टेबल रिकामं केलं. आणि हातांनी घात केला. जन्मभराच्या सवयीने त्यांनी तीन ताटं वाढली, झाकली, वर चिठ्ठ्या ठेवल्या. तिघं आले, आपापली चिठ्ठी पाहिली, ताट उचललं आणि गेले. आत्या रिकाम्या टेबलाशी बसून राहिल्या. रडू आलं, त्याहून जास्त स्वतःचा राग आला.

पुढच्या रविवारी टेबलावर मधोमध कढई आणि चार चमचे, बस्स.

"आत्या, ताटं कुठायत?" भाच्याने विचारलं.

"कपाटात. कुलूप लावलंय."

"आणि किल्ली?"

"सापडेल जेवण झाल्यावर. बस आता."

दादा मुकाट्याने आपल्या जुन्या खुर्चीवर बसले, मग बाकीचे. कढईत चमच्याला चमचा लागायला लागला. भाचेसुनेने पालाही खाल्ला. मग तिचं लक्ष आत्यांच्या कोरड्या चमच्याकडे गेलं.

"तुम्ही घेत नाही?"

"मला नाही गं आवडत मुळा. लहानपणापासून वासच सहन होत नाही."

दादांना हसू फुटलं. वहिनी गेल्यानंतर ते असे हसलेच नव्हते. "खरंय. ही मुळा पोळीखाली लपवायची आणि मी खायचो."

"मग काय आवडतं तुम्हाला?" भाचेसुनेने विचारलं.

आत्या गडबडल्या. कोणाला काय चालतं हे विचारण्यात त्यांचा जन्म गेला होता. हा प्रश्न त्यांच्याकडे कधी आलाच नव्हता. "बटाटा," त्या दादांकडे बघत चोरट्यासारख्या म्हणाल्या. "नुसता उकडलेला. वर मीठ."

भाच्याने उठून बटाटा धुतला आणि गॅसवर ठेवला. तो शिजेपर्यंत कोणीही टेबलावरून उठलं नाही.