तबकडीतला अंमलदार

निजामाच्या अखेरच्या दिवसांत मी नांदेडला वकिली करीत होतो. गावात एक बँडवाला होता; त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. क्लॅरनेट वाजवताना त्याची डावी भुवई तेवढी उडायची, म्हणून तो ध्यानात राहिला.

माझ्याकडे ग्रामोफोनची एक रशियन तबकडी होती, कुठल्याशा नाचाच्या संगीताची. एकदा रस्त्याने जाताना ती ऐकून तो ओसरीशी थांबला. "वकीलसाब, ह्या बाजात ह्यो जाडा कोण चालून राहिलाय?"

मी म्हटलं, असेल कुणी अंमलदार; तिकडे मोठ्या लोकांची टिंगल अशी बाजातूनच करतात. त्याने तबकडी तीनदा लावायला लावली आणि चाल ओठांत घोळवत गेला.

पुढच्याच आठवड्यात नवे तालुकदार, म्हणजे जिल्ह्याचे हाकिम, आले. स्टेशनापासून मिरवणूक निघाली, पुढे त्याचा बँड. हुजुरांना पाठ दाखवायची नाही असा रिवाज, म्हणून हा उलटा चालत, त्यांच्या पोटाकडे टक लावून वाजवत होता. चाल तीच, रशियन. हुजूर पाऊल टाकत तसा सूर पडे, आणि सूर पडे तसं पोट हले. अख्खा बाजार उपरण्यात तोंड खुपसून होता. मी मात्र घामाघूम. तबकडी माझी होती, आणि त्या दिवसांत याहून कमी गोष्टीला लोक तुरुंगात जात.

कचेरीपाशी हुजूर थांबले. खूश दिसत होते. "बहोत खूब. किसकी धुन है ये?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. भुवई उडाली. मग कमरेत लवून म्हणाला, "हुजूर कीच है. मैं तो देख देख के बजाया."