दोन नंबर मोठे बूट

हसू नका, असं मी म्हणणार नाही. हसाच. फक्त चहाचा कप आधी खाली ठेवा, कारण या फजितीत हसता हसता घोट कुठंतरी अडकतो.

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साल असेल. दुष्काळानं आमचा माण तालुका पार पिळून काढला होता. मी मॅट्रिकचा दाखला खिशात घालून दहिवडीहून मिरजेला आलो आणि एका मिशनच्या दवाखान्यात स्टोअरमध्ये चिकटलो. काम काय? चादरी मोजायच्या, साबण द्यायचा. पण तोरा विचारू नका! गावाकडचं कुणी भेटलं की सांगायचो, "दवाखान्यात असतो मी." डॉक्टर आहे असं म्हणत नव्हतो. नाही असंही म्हणत नव्हतो.

डिसेंबर लागला, व्हरांड्यात कागदाचे तारे टांगले गेले. नाताळला वॉर्डातल्या प्रत्येक मुलाला भेट द्यायची तिथं पद्धत. मोठ्या मुलांची खेळणी आधीच आली होती, राहिला होता एकटा सोपान. वय दोन वर्षं. आमच्याच माणातला. आई मंजुळा त्याच्याजवळ, बाप मुंबईला गोदीत. सहा आठवडे पोरगं कॉटवर होतं. ओठ जांभळट, दोन पावलं टाकली की धाप लागायची. मी आपला मनात निदान करून मोकळा झालो होतो. अशक्तपणा! दुष्काळातलं पोर, दुसरं काय असणार?

मुलांच्या वॉर्डाच्या शांतासिस्टर मला म्हणाल्या, "सोपानला तूच काहीतरी घेऊन ये. त्याला आवडेल असं आण. मापाचं, टिकाऊपणाचं काही बघत बसू नकोस."

आता मला सांगा, यातून शहाण्या माणसाला काय कळायला हवं होतं? मला कळलं ते एवढंच, की बाईंना घाई आहे.

बाजारात गेलो. रबरी बदक पाहिलं. बदकानं काय होणार? पत्र्याचा ढोल पाहिला. सिस्टर ढोलासकट मला बाहेर काढतील. लाकडी पोपटाची गाडी चांगली होती, पण ती ओढायला पोरानं चालायला नको का? आणि तिथंच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बूट! बूट बघितले की पोरगं आपोआप उठून चालायला लागेल. दवाखान्यात एवढे डॉक्टर, पण एकाला तरी हे सुचलं होतं का?

हुसेनचाचांच्या चपला-बुटांच्या दुकानात शिरलो.

"पोराच्या पायाचं माप आणलंय?" चाचांनी विचारलं.

"माप कसलं? पोरगं दवाखान्यात आहे. सिस्टर म्हणाल्या, मापाचं बघू नको."

चाचांचा हात तिथल्या तिथं थांबला. "असं म्हणाल्या त्या?"

"हो. टिकाऊपणाचंही बघू नको म्हणाल्या."

चाचांनी हातातला जोड खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "बेटा, मग बूट कशाला नेतोस? खुळखुळा ने. फुगा ने. घडीभर हसेल तरी लेकरू."

बघा! चपला विकणाऱ्या माणसाला एका वाक्यात कळलं. आणि मी त्यांच्याशी चक्क वाद घातला. म्हटलं, चाचा, गिऱ्हाईक समोर असताना दुसऱ्याच्या दुकानात कशाला पाठवता? ते लाल काढा, बक्कलवाले. आणि दोन नंबर मोठे द्या, वाढत्या अंगाचं पोर आहे!

चाचांनी मुकाट्यानं बूट कागदात बांधून दिले.

नाताळच्या सकाळी वॉर्डात गाणी झाली, खाऊ वाटला. मी सोपानच्या कॉटवर बूट ठेवले. मंजुळेनं ते त्याच्या पायांत घातले, तर एका बुटात त्याचे दोन्ही पाय मावले! पोरगं खुदकन हसलं. एक बूट काढला, त्यात चमचा बसवला आणि चादरीवरून गाडी चालवायला लागलं. भुर्रर्र! धाप लागली की थांबायचं, मग पुन्हा भुर्रर्र.

मंजुळा मात्र बुटांकडेच बघत होती. "दादा, लय मोठं हायत ह्ये."

"आवं वैनी, मुद्दाम आणलेत. पुढच्या वर्षी बरोबर बसतील."

"पुढच्या वर्षी?" तिनं पदर सावरला. "डाक्टर काय बोललं का तुमास्नी?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण दवाखान्यात असतो ना मी! म्हणालो, "अशक्तपणा आहे नुसता. दूध-अंडी घातली की पळेल पोरगं."

तिचा चेहरा असा उजळला, की मला माझंच कौतुक वाटलं. मग ती म्हणाली, "सिस्टर म्हनत्यात, त्येंला तार करून बोलवून घ्या. करू का?"

"कशाला? ऐन सणात खाडा! संक्रांतीला येऊ देत. सोपान दारापर्यंत चालत जाईल बापाला आणायला."

"व्हय, तसंच करूया," ती म्हणाली. आणि मी शीळ घालत स्टोअरला गेलो.

दुपारी शांतासिस्टर आल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. दार लोटलं आणि समोरच्या चादरींच्या गठ्ठ्यावर बसल्या.

"मंजुळेनं तार केली नाही. स्टोअरचे दादा संक्रांतीला म्हणाले, म्हणते."

"हो, म्हणजे अशक्तपणा..."

"त्याच्या हृदयाला जन्मापासून भोक आहे. आता छातीत पाणी भरायला लागलंय. मोठे डॉक्टर म्हणाले, दोन दिवस, फार तर चार. आईला तोंडावर सांगायला जीभ रेटेना, म्हणून आठ दिवस मी नुसतं तार कर म्हणून तिची समजूत काढत होते. काल कुठं ती तार करायला तयार झाली होती."

मी हातातली चादरींची वही मिटली.

"मापाचं बघू नकोस, असं का म्हणाले मी? कळलं नाही तुला?"

मी सिस्टरांकडून बापाचा पत्ता घेतला, सायकल काढली आणि स्टेशनातलं तारघर गाठलं. तारबाबू चष्म्यावरून बघत म्हणाले, "मजकूर सांगा."

"सोपान बरा आहे. ताबडतोब निघा."

"बरा आहे, तर ताबडतोब कशाला?"

"मग लिहा, सोपान बरा नाही. काळजी नसावी."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "काळजी नसावी, तर माणूस निघेल का, पाव्हणं? नाताळची गाडी, बसायला जागा मिळायची नाही. उभ्यानं का होईना, त्याला यायलाच लागंल असं काहीतरी सांगा."

मला सांगता येईना. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. शेवटी तारबाबूंनीच कागद ओढला आणि दोन ओळी लिहिल्या. मला वाचूनही दाखवल्या नाहीत. "रोज लिहितो अशा," एवढंच म्हणाले.

परत येऊन मंजुळेसमोर उभा राहिलो. वाटेत वाक्य पाठ करत आलो होतो. "वैनी, माझी चूक झाली, मला काही माहीत नव्हतं." प्रत्यक्षात तोंडातून निघालं, "तार मी केली."

"का वो? संक्रांतीला म्हनला हुता न्हवं?"

मी मान खाली घातली. सोपान झोपला होता. त्याच्या हातातला चमचा तिनं हळूच काढून घेतला आणि दोन्ही बूट उशीजवळ जोडून ठेवले.

बाप सत्तावीसला सकाळी आला. खरंच उभ्यानं आला होता, पाय सुजले होते. कॉटवर बसून त्यानं पोराला मांडीवर घेतलं आणि बूट उचलून विचारलं, "ह्ये कुनाचं?"

"त्येचंच," मंजुळा म्हणाली.

"ह्ये? केवढं मोठं!"

तिनं माझ्याकडे बघितलं. सांगितलं नाही हो तिनं माझं नाव! मी पायांतल्या सपाता बघत उभा राहिलो. बाप आणि लेक दिवसभर चादरीवर गाडी खेळले. भुर्रर्र करायला सोपानचा श्वास पुरेना, म्हणून बापच भुर्रर्र करायचा.

अठ्ठावीसला दुपारी, बापाच्या मांडीवरच, सोपान गेला.

सामान बांधून ती दोघं निघाली तेव्हा मी फाटकापाशी उभा होतो. बाप पुढं टांगा बघायला गेला. मंजुळा माझ्यापाशी थांबली. मनात म्हटलं, आता चार शिव्या घालेल, घालू दे. डोळे सुजलेले होते, पण आवाज अगदी शांत होता.

"दादा, खरं सांगा. तुमास्नी ठावं हुतं का?"

"न्हाई वैनी. आईशप्पत न्हाई. सिस्टरला ठावं होतं, डॉक्टरांना होतं. त्या चपलांच्या दुकानदाराला सुद्धा कळलं होतं. मला न्हाई."

तिनं मोठा श्वास सोडला. सुटल्यासारखा.

"बरं झालं बाई. मला वाटलं, मलाच तेवढं न्हाई कळलं. म्हंजी एवढ्या मोठ्या दवाखान्यात येडी आपुन दोघंच हुतो."

दवाखान्यात असणारा, मॅट्रिक पास माणूस मी. मान डोलावली आणि म्हटलं, "व्हय वैनी. त्यात तुमी आई हुता. निव्वळ येडा मी एकटाच."