सुंभाचा खांब आणि थांबलेली मूठ

आबासरांना मी हरवलं, असं आमच्या मालवणात अजून सांगतात. ते खोटं आहे, आणि ते खोटं मी वीस वर्षं चालू दिलं. महिन्यापूर्वी सकाळी फोन आला, आबासर गेले... तेव्हा मी मुलांकडून लाथांचा सराव करून घेत होतो. "चालू ठेवा," म्हणालो आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

आबासर होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. तरुणपणी मुंबईच्या गोदीत असताना ते कराटे शिकले, आणि परतल्यावर किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत आम्हाला शिकवू लागले. जपानी पद्धतीचा पवित्रा खालचा. गुडघे वाकवायचे, कंबर फिरवायची, मग मूठ सोडायची. ठोसा मारून झाला की ते आमच्याकडे नव्हे, आमच्या पावलांच्या ठशांकडे बघायचे. टाच उथळ उमटली असेल तर म्हणायचे, "रे, वारो इलो तर उडान जाशीत!" आणि लढतीत मूठ समोरच्यापासून बोटभर अंतरावर थांबलीच पाहिजे, हा त्यांचा कायदा. मारणं कुणालाही येतं, थांबवायला शिकावं लागतं.

कॉलेजसाठी कोल्हापूरला गेलो आणि तिथे कोरियन तायक्वांदो भेटलं. पवित्रा उंच, पाय हलके, गिरकी घेऊन लाथ थेट डोक्यापर्यंत. आणि गुण मिळतो तो लाथ लागल्यावरच. मला वाळूतून सुटल्यासारखं वाटलं. काळा पट्टा घेऊन परतलो, वर्ग काढला. आबासर आपणहून बघायला आले. म्हणाले, "तुझी इद्या माडार चडता, माजी मुळात रवता. माड एकच रे." मला मात्र माझा माड वेगळा हवा होता.

नारळी पौर्णिमेला बंदरावर आमची दोघांची लढत ठेवली, ज्याने त्याने आपापल्या पद्धतीने. पहिल्याच मिनिटाला त्यांची मूठ माझ्या हनुवटीखाली येऊन थांबली. लढत तिथेच संपली होती. लोकांना ते दिसलं नाही; मला दिसलं. त्यांनी मूठ थांबवली, मी पाय थांबवला नाही. लाथ कानशिलावर बसली, ते धक्क्याच्या फळ्यांवर कोसळले, आणि शिट्ट्या, टाळ्या... मी हात वर केला. उठता उठता त्यांनी हळूच विचारलं, "तुझ्या पायाक लागला नाय मां?"

दिवाळीपर्यंत त्यांच्याकडे शिकणारी बहुतेक मुलं माझ्या वर्गात आली. रस्त्यात भेटले की ते "पोरां बरी असत मां?" एवढंच विचारायचे. एकदा शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. दर वेळी ठरवायचो, आज बोलू, आणि सुरमईच्या भावाविषयी बोलून परत यायचो.

तेराव्यानंतर सरांच्या पत्नीला, काकींना भेटायला गेलो. घरामागच्या परड्यात सरांचा सरावाचा खांब तसाच होता. छातीच्या उंचीवर गुंडाळलेलं सुंभ ठोशांनी काळं पडलेलं. पण कमरेच्या उंचीवर सुंभाचा आणखी एक, नवा वेढा होता, आणि तोही एका बाजूने पिंजारला होता.

"ह्यो कसलो, काकी?"

"लाथांचो," काकी हसल्या. "गुडघे दुखत, तरी रोज सकाळी धा मारीत. म्हणत, त्याची लाथ बरी होती, माका येवक व्हयी. मी सांगी, पडशात हां! आयकतत कोण?"

सत्तरी ओलांडलेला माणूस माझी लाथ शिकत होता... आणि मी त्यांची मूठ विसरायला बघत होतो. मी विचारलं, "काकी, आयतवारी पोरांक हंय हाडू?"

रविवारी माझी सगळी मुलं आणि त्यांचे आईबाप परड्यात उभे राहिले. काकी दारात. मी कितीतरी वर्षांनी खालचा पवित्रा घेतला, मूठ सोडली आणि सुंभापासून बोटभर अंतरावर थांबवली. मग वळलो.

"त्या दिसा सरांची मूठ पयली पोचली होती. त्यांनी थांबयली, मी लाथ थांबयलंय नाय. हरलंय मी, आणि हात वर केलंय. इतकी वर्सां गप रवलंय... काकी, माका माफ करा. सर, माका माफ करा."